पोस्टकार्डाचा कोरा कोपरा

परवा कोल्हापुरात, शाहूपुरीत रिक्षाची वाट बघत उभी होते. शेजारच्या गॅरेजात एक पोरगी जमिनीवर फतकल मारून मोटारसायकलचा प्लग साफ करत होती... रिक्षा आली, मी सोडून दिली आणि तिच्याकडेच बघत राहिले.

पंचेचाळीसेक वर्षांपूर्वी याच भागात मीही अशीच बसायचे. पदर खोचून, हातात पाना घेऊन... हसू नका.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि ह्यांची बदली चंदगडला झाली. हे कचेरीत कारकून. मी इथे सासूबाईंजवळ. शनिवारी रात्री हे फटफटीवरून यायचे आणि सोमवारी पहाटे परत. मधल्या दिवसांत एक पोस्टकार्ड यायचं, तेही सासूबाईंनी आधी वाचलेलं.

एका शनिवारी हे आलेच नाहीत. मी ताट झाकून बसलेली... रविवारी दुपारी गाडीसकट ट्रकमधून उतरले आणि जेवून लगेच एसटीने गेले. गाडी वाटेत बंद पडली होती, आणि आमच्या ह्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तेव्हाच ठरवलं, हे आता मीच शिकणार.

गल्लीच्या तोंडाशी शंकरमामांचं गॅरेज होतं. मामा आधी ऐकेचनात. म्हणाले, "वैनी, ह्यो काय तुमचा स्टो न्हाय, पिन मारली की पेटाय." पण मीही हट्टाची.

पहिल्याच दिवशी दिवे लावले. मामांनी प्लग साफ करायला दिला, तर मी तो घरी नेऊन चिंच आणि राखुंडीने लखलखीत घासून आणला. मामांनी कपाळाला हात लावला. "समई हाय व्हय ही?" चार दिवस गल्लीभर तेच.

पण शिकले. प्लग, कार्बोरेटर, चेन... आणि पॉइंट. इंजिनाच्या झाकणाआड दोन इवलेसे तुकडे असतात, ते उघडले-मिटले की ठिणगी पडते. मध्ये कचरा आला की गाडी ढिम्म. मामा जुन्या पोस्टकार्डाची पट्टी त्यातून ओढून ते साफ करायचे. माझ्याकडे पोस्टकार्डं होतीच... ह्यांची.

मग दर रविवारी संध्याकाळी मी गाडी तयार करून ठेवायचे आणि सोमवारी पहाटे हे एका किकमध्ये निघून जायचे. माझंच काम आणि मलाच शिक्षा. गाडी जितकी छान चालायची, तितका मला तिचा राग यायचा.

एका रविवारी पॉइंट साफ केले आणि पट्टीचा कोपरा तिथेच राहू दिला. मुद्दाम. कारण काही नव्हतं, सण नव्हता, आजारपण नव्हतं... मला तो माणूस अजून एक दिवस हवा होता, बस.

पहाटे ह्यांनी वीस-पंचवीस किका मारल्या. मी चहाचा कप घेऊन दारात उभी. आणि मग ज्या माणसाने आयुष्यात ते झाकण उघडलं नव्हतं, त्याने स्क्रू-ड्रायव्हर मागितला. मी कप उंबऱ्यावरच ठेवून दिला. ह्यांनी झाकण काढलं, वाकून बघितलं... आणि परत लावून टाकलं. हात धुतले आणि आत जाऊन सासूबाईंना म्हणाले, "बिघाड मोठा दिसतोय. आज रजा टाकतो."

मला वाटलं, काही कळलं नाही ह्यांना. बरंच झालं.

त्या दिवशी विशेष असं काहीच केलं नाही. हे दुपारी झोपले, संध्याकाळी माझ्यासोबत शेंगा फोडत बसले. मी हळूच जाऊन कागद काढून टाकला. मंगळवारी गाडी पहिल्या किकमध्ये सुरू.

चार दिवसांनी पोस्टकार्ड आलं. सासूबाईंनी नेहमीसारखं मोठ्याने वाचलं. पाऊस फार आहे, प्रकृती ठीक आहे... आणि शेवटी, "गाडीच्या कामाला तुला कागद लागतो, म्हणून खालचा कोपरा कोरा सोडला आहे. मागच्या वेळच्या तुकड्यावर माझीच सही होती." सासूबाई म्हणाल्या, किती काळजी बघ पोराला. मी स्वयंपाकघरात पळाले.

तो कोपरा मी कधीच फाडला नाही. म्हटलं, फार गरज पडेल तेव्हा वापरू. पुढे ह्यांची बदली कोल्हापूरला झाली, फटफटी विकली, संसार सुरू राहिला. सहा वर्षांपूर्वी हे गेले. तेही पहाटेच.

परवा घरी येऊन ते कार्ड काढलं. कोपरा अजून तसाच कोरा आहे... तेव्हा वापरायला हवा होता हो. निदान आणखी एक सोमवार मिळाला असता.