वायरमनच्या खिशातला फ्यूज

स्वयंपाकघरातला जळका प्लग बदलायला आज वायरमन आला. आधी त्याने चालू प्लगमध्ये टेस्टर घालून टेस्टरचा दिवा लागतो ना, ते पाहिलं. मग मेन स्विच बंद केला, फ्यूज उपसून शर्टाच्या खिशात टाकला आणि जळक्या प्लगला टेस्टर लावला. दिवा लागला नाही, तेव्हा कुठे त्याने तारेला हात घातला.

"खिशात कशाला? घरात मी एकटीच तर आहे," मी म्हणाले. मला जरा रागच आला होता.

"म्हणूनच, ताई. चोर येऊन मेन चालू करत नाही. घरचंच माणूस करतं."

मी त्याच्या फुगलेल्या खिशाकडे बघत राहिले. एवढीशी तर गोष्ट! माझ्या दादाला ती कुणी शिकवली नव्हती. मेन नुसता बंद करून, कुणाला न सांगता तो न्हाणीघरात गिझरची वायर जोडत बसला होता. मला कॉलेजचा ड्रेस इस्त्री करायचा होता. मेन बंद दिसला, मी चालू केला. परक्यांसाठी आपण दाराला दोन-दोन कड्या लावतो. घरच्यांना मात्र साधं सांगतही नाही.

"तुझा काय दोष?" दादाला स्मशानात पोचवून आल्यावर सगळे म्हणाले. आईही म्हणाली, माझ्याकडे न बघता.

काम झालं. वायरमनने खिशातला फ्यूज परत बसवला.

"करा ताई आता मेन चालू."

"तुम्हीच करा," मी म्हणाले.