बिबा उतला नव्हता

डॉक्टरांनी सासूबाईंच्या नडगीवर अंगठा दाबला, उचलला, तिथे पडलेली खळी बघितली आणि म्हणाले, "हे बिबा उतणं नाही. सेल्युलायटिस आहे."

सेल्युलायटिस म्हणजे कातडीच्या आतल्या थरात जिवाणूंचा संसर्ग. कातडीला कुठे चीर पडली की ते आत शिरतात आणि पसरत जातात. जागा लाल होते, सुजते, हाताला गरम लागते, ठणकते. थंडी वाजून ताप येतो. हे सगळं आमच्या डोळ्यांदेखत होत होतं आणि आम्ही त्यावर खोबरेल लावत बसलो होतो.

खोबरेल का, तेही सांगते. आमचं गाव संग्रामपूरकडचं. पायात काटा मोडला की आमच्याकडे बिब्याचा चटका देतात. बिबा सुईवर टोचून दिव्यावर धरायचा, काळं तेल सुटलं की जखमेवर टेकवायचं. गावात हा मान सासूबाईंचा. शेतावरून माणसं परस्पर आमच्या ओट्यावर येत, आणि त्या हातातली भाकर ठेवून उठत. त्या तेलानं कधीकधी कातडी भाजते, फोड येतात. त्याला बिबा उतला म्हणतात आणि वर खोबरेल लावतात. त्यामुळे पाय लाल दिसला तेव्हा घरात कुणाला शंकाच आली नाही.

पायात खुंट घुसलं ते सोयाबीन कापलेल्या वावरात. सासूबाई वावरात शिरताना चप्पल बांधावर काढतात. काळी आई आहे, तिच्यावर चप्पल घालून काय चालायचं, असं त्यांचं म्हणणं. या बाबतीत त्यांना समजावणं म्हणजे भिंतीशी बोलणं. तळव्यातून रक्त आलं, त्यांनी पदरानं पुसलं आणि घरी येऊन स्वतःच स्वतःला चटका दिला.

लाली घोट्याच्या वर सरकली तेव्हा मी दवाखान्याचं नाव काढलं. "बिबा उतला व माय, काऊन घाबरून राह्यली?" म्हणून त्यांनी मला उडवून लावलं. मग त्या तापानं फणफणल्या, जेवण सुटलं आणि बोलताना शब्द अडखळायला लागले. मी विचारत बसले नाही. शेजाऱ्यांची जीप बोलावली आणि त्यांना उचलून आत बसवलं. रागाला आल्या, येऊ दिला राग.

खामगावच्या दवाखान्यात रक्त घेतलं. साखर वाढलेली निघाली. मधुमेह आहे हे आम्हाला तिथेच कळलं. साखर जास्त असली की जखम लवकर भरत नाही आणि जंतूंचं फावतं, असं डॉक्टरांनी समजावलं. मग डॉपलर केली, म्हणजे पायाच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी. रक्त नीट वाहत होतं. तेवढाच दिलासा.

"आता शिरेतून अँटिबायोटिक सुरू करतो," डॉक्टर म्हणाले. "लाली उतरली तर ठीक. आत पू पसरला असेल तर ऑपरेशन करावं लागेल. आणि त्यानंही आटोक्यात आलं नाही तर पायाचा काही भाग जाऊ शकतो. आत्ताच सांगून ठेवतो."

सासूबाई छताकडे बघत होत्या. मला वाटलं, ऐकलं नसेल. "पाय कापला तं मले वावरात कोन नेईन?" त्या हळूच म्हणाल्या.

डॉक्टरांनी लालीच्या कडेनं पेनानं रेघ मारली. लाली रेघेच्या बाहेर गेली तर आजार वाढतोय, आत आली तर औषध लागू पडतंय. ही युक्ती मला फार आवडली. मी दर थोड्या वेळानं चादर उचलून बघायची. सासूबाई म्हणायच्या, "काय व, भाकर भाजली का पाह्यतं?"

पाय दोन उशांवर उंच ठेवायचा होता, म्हणजे सूज उतरते. पण समोरच्या खाटेवर वयस्कर बाबा होते. त्यांच्याकडे पाय करून झोपणं सासूबाईंना पटेना. शेवटी त्या बाबांनीच कूस बदलली आणि म्हणाले, "ठेव बाई पाय, म्या इकडं तोंड केलं." सगळा वॉर्ड हसला.

ड्रेसिंगच्या वेळी तळव्यावरचा जळका डाग बघून डॉक्टर चिडले. "हे कुणी केलं? अशा माणसाला गावात कुणी थांबवत का नाही?"

नेमक्या तेव्हाच गावच्या दोघीतिघी भेटायला आलेल्या होत्या. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी काहीतरी सारवासारव करणार, तोच खाटेवरून आवाज आला. "म्याच केलं. अन् गावालेबी मीच लावतो."

डॉक्टर स्टूल ओढून बसले आणि त्यांच्याशी बोलले. "आजी, बिब्याचं तेल कातडी जाळतं. जळलेल्या कातडीतून जंतूंना आणखी वाट मिळते. जखम साबण-पाण्यानं धुवायची, स्वच्छ फडकं बांधायचं, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं. खुंट आत राहिलं असेल तर इथे काढायचं. लाली पसरली की थांबायचं नाही."

सासूबाईंनी एकच विचारलं, "तं मंग इतक्या लोकायले बरं कसं वाटलं?"

"पुष्कळ जखमा आपोआपच भरतात, आजी."

त्या दिवशी सासूबाई जेवल्या नाहीत.

लाली रेघेच्या आत आली. एक सकाळ अशी उजाडली की कातडीला सुरकुत्या दिसल्या, म्हणजे सूज उतरत होती. ऑपरेशन टळलं. मी नर्सबाईंचा हात धरून रडले. घरी जाताना गोळ्या मिळाल्या आणि ताकीदही, की बरं वाटलं तरी गोळ्या पुऱ्या संपवायच्या. अर्धवट सोडल्या तर आजार उलटतो. तुमच्या घरात कुणाला हे झालं तर एवढं तरी ऐका. पायाच्या बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवा, भेगांना वेळेवर औषध लावा, टॉवेल वेगळा ठेवा आणि साखर तपासून घ्या.

आता सासूबाई बूट घालून वावरात जातात. जाताना काळ्या आईची माफी मागतात, पण बूट काढत नाहीत.

परवा शेजारच्या शोभाबाई कापूस वेचून थेट ओट्यावर आल्या. बोट लाल, टम्म फुगलेलं. "मामी, बिबा लावून द्या."

ओट्यावर आणखी बायका होत्या. सासूबाईंनी सगळ्यांसमोर लुगडं वर केलं आणि काळवंडलेली नडगी दाखवली. चारचौघात घोटा उघडा पडू न देणारी बाई! "पाह्य. हे माह्या बिब्यानं झालं. आता कोनालेच लावत नाही."

"अवं मामी, आजवर तुमच्याच हातानं बरं झालं नं?"

"बरं झालं ते आपोआप झालं. माह्या हातानं नाही."

ज्या हाताच्या गुणावर सगळं गाव त्यांना मान देत होतं, तो गुण त्यांनी गावासमोर असा सोडून दिला. आवाज जराही कापला नाही. "सुनबाई, गाडी काढ," त्या म्हणाल्या. मी शोभाबाईंचं बोट साबणानं धुवून दिलं आणि त्यांना स्कूटीवर मागे बसवलं.

खामगावच्या दवाखान्यात तेच डॉक्टर म्हणाले, "बरं झालं वेळेवर आलात. कुणी पाठवलं?"

"माझ्या सासूबाईंनी," मी सांगितलं, आणि जरा मोठ्यानंच सांगितलं.