सपाट चमचा

मी डूख धरणारी बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला मोठ्या मनाची वगैरे समजायला नको. ऑफिसात माझी खुर्ची कुणी पळवली होती ते मला वीस वर्षांनीही आठवतं, आणि इथे तर माझ्या मुलीच्या जिवाचा प्रश्न होता. ज्या चमच्याने तो जीव धोक्यात आला तो चमचा अजून माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. निळ्या प्लॅस्टिकचा, अंगठ्याएवढा, दुधाच्या पावडरच्या डब्यात मिळायचा तसला.

आमचं घर महाल नावाच्या जुन्या वस्तीत होतं. खाली धान्याचं दुकान, वर दोन खोल्या आणि गच्ची. दुकान चालवायची माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. तिला सगळे आक्का म्हणत. लग्नानंतर तीन वर्षांत विधवा होऊन ती माहेरी परत आली होती, मूलबाळ नव्हतं. आईवडील गेल्यावर तिनेच गल्ल्यावर बसून भावाला शिकवलं, नोकरीला लावलं आणि त्याचं लग्न करून दिलं. त्यामुळे घरात शब्द तिचा. माझ्या नवऱ्याने तिच्यापुढे कधी आवाज चढवला नाही. माझ्या बाजूनेसुद्धा नाही.

आक्काची मापाची एक रीत होती. दुकानात चुरमुरे, फुटाणे मापट्याने विकायची, तेव्हा माप भरलं की हाताचा तळवा वरून फिरवून सपाट करायची. एक दाणा जास्त जायचा नाही. पण संध्याकाळी वर येऊन घरच्यासाठी तांदूळ काढताना त्याच मापट्यावर शीग लावायची, डोंगर करून. "गिऱ्हाईकाले सपाट, घरच्याले शिगेचं," म्हणायची. घरच्या माणसाला सपाट माप देणं म्हणजे तिच्या लेखी त्याला उपाशी ठेवणं. सून म्हणून आले त्या दिवशी तिने माझ्या ओटीत गहूसुद्धा शिगेने घातले होते, तेव्हा मला ते फार आवडलं होतं.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. ट्रंक कॉल जोडून द्यायचे, कानाला हेडफोन, समोर बोर्डावर वायरींचं जंजाळ. मुलगी झाली आणि तीन महिन्यांची रजा बघता बघता संपली. पहिल्या दिवशी ड्यूटीवर गेले तर अकराच्या सुमाराला ब्लाउज ओला झाला. पदर ओढून घेत मी "वन मिनिट प्लीज" म्हणत होते आणि तिकडे पोर रडत असेल या विचाराने अजूनच पाझर फुटत होता. आठ दिवस असे काढले. मग ठरवलं, दिवसाचं दूध तोडायचं, सकाळ-रात्र अंगावर पाजायचं. आक्काने मोगऱ्याच्या कळ्या आणून छातीला बांधायला दिल्या, दूध आटतं म्हणून. देताना तोंड मात्र असं केलं, जसं मी पोर टाकून पळून निघाले होते.

दिवसा बाळीला काय द्यायचं यावर घरात चार दिवस वाद झाला. आक्काचं म्हणणं, लकडगंजातून येणाऱ्या गवळ्याचं गाईचं दूध घ्यावं.

"तो पाणी किती घालतो, कुणाला ठाऊक?" मी म्हटलं.

"अन् डब्यातल्या भुकटीत काय आहे, ते तुले ठाऊक आहे काय वं?"

मला ठाऊक होतं. निदान डब्यावर लिहिलेलं होतं. माझ्यासोबतच्या दोघी ऑपरेटर मुलांना डब्याचं दूध द्यायच्या, त्यांना विचारलं. डॉक्टरांची चिठ्ठी घेतली, कारण तेव्हा चिठ्ठीशिवाय डबा हाती लागायचा नाही आणि चिठ्ठी असूनही औषधाच्या दुकानदाराला ओळख दाखवावी लागायची. त्याच्या फळीवर दोन जातींचे डबे होते. एकावर गुटगुटीत बाळाचं चित्र होतं, दुसऱ्यावर चित्र नव्हतं, पण मागे तक्ता होता: बाळाचं वय, उकळून गार केलेलं पाणी, चमचे. खाली लिहिलं होतं, चमचा सपाट भरा, दाबू नका. मी तक्त्याचा डबा घेतला. मला चित्र नको होतं, माप हवं होतं. गवळ्याच्या चरवीत नाही, आक्काच्या अंदाजात नाही, असं कुणाच्या मर्जीवर न चालणारं माप.

घरी येऊन मी आक्काला सगळं वाचून दाखवलं, मराठीत करून. सुरीच्या पाठीने चमचा सपाट करून दाखवला. ती बघत होती. "कळलं, कळलं," म्हणाली. "मापं मले नको शिकवू. जन्म गेला माह्या मापात."

पहिले आठ-दहा दिवस बरे गेले. मग ऊन वाढलं. वाळ्याच्या ताटीवर कितीही पाणी मारलं तरी दुपारी खोली तापायची. मी घरी यायची तेव्हा बाळी किरकिर करत असायची. आक्का म्हणायची, भूक लागून राहिली तिले, मी मघाशीच अजून एक बाटली पाजली. आणि डबा भराभर संपायला लागला. आठवडाभर पुरायला हवा तो पाचव्या दिवशी तळाला. माझ्या मनात काय आलं ते आता लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मला वाटलं, आक्का पावडर स्वतःच्या चहात घालते. मी तिला चोर ठरवलं आणि मनात ठेवलं. विचारलं नाही. वेळ आली की उट्टं काढू, असा हिशेब केला.

वेळ आली ती वेगळीच. एका संध्याकाळी घरी आले तर बाळी रडतही नव्हती. ओठ कोरडे, अंग तापलेलं, टाळू खोल गेलेली. दुपारपासून लंगोट ओला झाला नव्हता. रिक्षा करून आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी तिला आत नेलं, सलाईन लावलं आणि बाहेर येऊन पहिला प्रश्न विचारला, "दूध कोण बनवतं? चमचा सपाट भरता की वर शीग?"

"मी सपाट भरते," मी म्हटलं. "दिवसा ह्या असतात."

डॉक्टर आक्काकडे वळले. आक्काने पदर सावरला आणि म्हणाली, "सपाटच, डॉक्टरसाहेब. हिनं शिकवलं तसंच. पोरीची मायच अंगावरचं तोडून नोकरीवर जाते, त्याले मी काय करू?"

बस. एवढंच बोलली. पण त्या एका वाक्याने मी गुन्हेगार झाले. सिस्टरने सगळ्या वॉर्डासमोर मला सुनावलं की शिकलेल्या बायकांना पोरांपेक्षा पगार प्यारा असतो. शेजारच्या खाटेवरची बाई माझ्याकडे बघून च्च च्च करत होती. नवरा खिडकीशी उभा राहून बाहेर बघत होता. मी त्याच्या पाठीकडे बघत राहिले. ती पाठ मी कधी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी कपडे आणायला घरी गेले तेव्हा डबा उघडला. चमचा आतच होता, पुढच्या बाटलीसाठी भरून ठेवलेला. पावडर काठाच्या वर डोंगरासारखी, आणि त्या डोंगरावर दाबून बसवलेला अंगठ्याचा ठसा. रेषासुद्धा दिसत होत्या. म्हणजे चहाबिहा काही नाही. आक्का माझ्या लेकीला घरचं माणूस समजून शिगेने दूध देत होती. घट्ट दुधाने पोरीला तहान लागायची, ती रडायची, आक्काला वाटायचं भूक, की अजून एक घट्ट बाटली. मी डबा तळाला जाताना बघितला होता. तेव्हाच एक शब्द विचारला असता तर? पण हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला पडू दिला नाही. मी चमचा रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकला. माझा राग मला कुणाशी वाटून घ्यायचा नव्हता.

बाळी पाच दिवसांनी घरी आली. मी बिनपगारी रजा घेतली आणि डब्याला कुणाला हात लावू दिला नाही. आक्काला वाटलं, प्रकरण मिटलं. पोरीला ऊन बाधलं, असं ती शेजारीपाजारी सांगत होती. मी हो ला हो करत होते आणि वाट बघत होते.

सातव्या महिन्यात उष्टावण ठरलं. माझा भाऊ खीर भरवायला प्रतापनगरहून आला, आक्काच्या सासरची माणसं आली, गल्लीतल्या बायका आल्या. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. खीर चाटून झाली आणि बाळी दुधासाठी रडायला लागली. मी डबा, बाटली, पाणी असं सगळं पाटावर मांडलं आणि गोड आवाजात म्हटलं, "आक्का, तुमच्या हातचं किती दिवसांत प्यायली नाही ती. आज तुम्हीच करा ना, सगळ्यांसमोर."

आक्काचा चेहरा असा खुलला की कुणा दुसऱ्या बाईला दया आली असती. ती पुढे सरसावून बसली, चमचा बुडवला आणि शीग काढून अंगठ्याने दाबली. विचार करून नव्हे, हातच तसा चालला. दुसरा चमचा, तिसरा. कुणीतरी म्हणालं, बरंच घट्ट करता हो. "लेकराले काय सपाट देतात?" आक्का हसून म्हणाली. "ते गिऱ्हाईकाले."

मी पर्समधून रुमाल काढला आणि तो निळा चमचा पाटावर ठेवला. त्यातली पावडर ओल धरून दगड झाली होती, ठसा तसाच. "मग दवाखान्यात सपाट म्हणून कोण बोललं होतं?" मी विचारलं. "माझं पोर मरता मरता वाचलं. शिव्या मी खाल्ल्या. आणि हा अंगठा कुणाचा आहे, आक्का?"

आक्का माझ्या नवऱ्याकडे बघायला लागली, आणि या वेळी त्याने पाठ फिरवली ती तिच्याकडे. मला तेवढ्यावर थांबता आलं असतं. मी थांबले नाही. बाटली मोरीत ओतली आणि म्हटलं, "जिच्या पदरात कधी पोर पडलं नाही, तिला पोराचं माप काय कळणार?"

आक्का उठली, जिना उतरली आणि दुकानात जाऊन बसली. त्यानंतर माझ्यासमोर तिने मुलीला कधी उचललं नाही. मला पश्चात्ताप झाला का, तर नाही. त्या रात्री मला गाढ झोप लागली.

मुलगी मात्र चालायला लागल्यापासून दुकानातच पडीक. आक्का तिच्या फ्रॉकच्या ओच्यात मापटंभर फुटाणे ओतायची, सांडेपर्यंत. मला वरून गॅलरीतून दिसायचं. त्यावर मला काही करता येत नव्हतं, आणि त्याचाही राग होता.

मुलगी दहा वर्षांची झाली तेव्हा आक्काने पोटाच्या दुखण्याने अंथरूण धरलं. दुकान बंद झालं. डॉक्टरांनी दुधाची पावडर सांगितली, एका वेळी तीन सपाट चमचे, हलकं. मला तर आयतंच मिळालं. शिवणाच्या डब्यातून मी तो निळा चमचा काढला, धुतला आणि रोज तिच्या खाटेसमोर बसून, तिला दिसेल असं, सुरीच्या पाठीने सपाट करत दूध बनवायला लागले. एक कणही वर नाही. चमचा तिने पहिल्या दिवशीच ओळखला.

"लय पातळ लागते वं," एकदा म्हणाली. "थोडं शिगेचं दे ना."

"डॉक्टरांनी सपाट सांगितलंय," मी म्हटलं. यात खोटं काहीच नव्हतं, आणि म्हणूनच बोलायला एवढं गोड वाटत होतं.

एका दुपारी मी गच्चीवरून कपडे घेऊन आले तर मुलगी आक्काच्या खाटेपाशी दूध कालवत होती. चमच्यावर डोंगर आणि डोंगरावर तिचा छोटा अंगठा. "अगं, काय करतेस?" मी ओरडले.

"घरच्या माणसाले शिगेचं देतात ना, आई," ती म्हणाली. "आत्यानंच शिकवलं."

आक्काने पेल्याकडे बघितलं. मग हाताने तो हळूच बाजूला सारला. "नको वं बाई, तुह्या आईले करू दे," ती मुलीला म्हणाली. "तिचं माप बरोबर आहे. तू लहान होती तवा मीच चुकली. अन् भेऊन खोटं बोलली."

या वाक्यासाठी मी दहा वर्षं थांबले होते. ते डॉक्टरांसमोर हवं होतं, त्या सिस्टरसमोर, च्च च्च करणाऱ्या बाईसमोर, नवऱ्याच्या पाठीसमोर. मिळालं ते एका पोरीसमोर, आणि तिला त्यातलं काही कळलंही नाही. ती आळीपाळीने आम्हा दोघींच्या तोंडाकडे बघत होती.

चुकले तर मीही होते. डबा तळाला जाताना बघून गप्प बसले होते. ते सांगायची वेळ तीच होती. तोंडाशी आलंही.

मी दुसरा पेला घेतला, पाणी ओतलं, चमचा बुडवून वर काढला. आक्का चमच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती. सुरी उचलताना हात जरा अडखळला, एवढं खरं.

मग मी सपाट केलं.