हळदीचं पाणी

सातपूरला गाड्यांच्या बॉडीची कामं करणारा तो म्हातारा मला एकदाच भेटला. मी जुनी घेतलेली कॅम्पर व्हॅन आतल्या पलंगावर गळत होती. त्यानं बादलीत हळद कालवली, मला शिडीवरून ते पाणी टपावर ओतायला लावलं आणि स्वतः आत पलंगावर उताणा पडला.

"थांबा!" असं आतून ऐकू आलं, तेव्हा मी टपावरच्या कॅरियरच्या पार पुढच्या बोल्टवर ओतत होतो.

आत गेलो. त्याच्या कपाळावर पिवळा थेंब होता. छताला आतून फासलेलं सिलिकॉन तो नखानं सोलत होता. "पाणी शिरतं पुढून, अन् बुजवलंय इथं. आतल्या आत लाकूड सडणार ना."

"आधीच्या मालकाचा उद्योग," मी म्हणालो.

त्यानं माझ्या नखांत अडकलेलं पांढरं सिलिकॉन पाहिलं.

"म्हणजे साहेब, कालपर्यंत गाडी त्याच्याकडंच होती."