मी सपाट केलेली पट्टी

दुकानात चार माणसं बसली की कोणीतरी ती गोष्ट काढतंच. मी या वयात, भर दुपारच्या उन्हात तलासरीला गेलो आणि ऐन हळदीत एका बाईची गिटार दुरुस्त करून दिली. ऐकणारा माझ्याकडे कौतुकाने बघतो, मी चहा मागवतो. गोष्ट खोटी नाही. तिचा पहिला अर्धा भाग मात्र मी दुकानात कधी कोणाला सांगितला नाही. तो आज लिहितो आहे.

माझं आयुष्य पेट्या दुरुस्त करण्यात गेलं. हार्मोनियमच्या कामात सपाटीला फार मान. सुरांची फळी काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासायची; केसाएवढा उंचवटा राहिला तरी हवा गळते. तो उंचवटा डोळ्यांच्या आधी बोटांना कळतो, आणि एकदा कळला की घासल्याशिवाय चैन पडत नाही. डहाणूत गिटारी दुरुस्तीला यायला लागल्या तशा मी त्याही घेऊ लागलो. शिकलो कोणाकडे नाही.

ती बाई तलासरीच्या पुढे, डोंगराकडच्या गावची. तिच्या मोठ्या दिरांचा लग्नात वाजवणारा बँड होता. त्यात घरचीच माणसं, गिटारवर ही. "काका, तारा लई उंच आहेत, बोटं सोलतात. जरा खाली घेऊन द्या," एवढंच तिचं मागणं.

गिटारच्या ब्रिजमध्ये हाडाची एक पातळ पट्टी बसवलेली असते, तिच्यावर तारा टेकतात. मी ती उपसून बघितली तर वरची कड मध्ये फुगलेली, दोन्ही टोकांना उतरती. मला वाटलं, कोणा अडाण्याने वाकडी घासली आहे. काचेवर धरली आणि आरशासारखी सपाट केली. काम सुबक झालं म्हणून स्वतःवर खूशही झालो.

त्याच आठवड्यात बँडचा टेम्पो दुकानासमोर उभा राहिला. पुढे दीर, मागे वाजवणारे, सगळ्यांच्या मागे ती.

"मिस्त्री, मधल्या तारा खरखरतात. परवा हळद आहे, वाजवायची कशी?" दीर म्हणाले.

मी गिटारला हात लावला नाही, तिच्या बोटांकडे बघितलं. "तार नीट दाबली नाही की खरखरणारच. बाईमाणसाच्या बोटांत जोर कमी, त्याला मी काय करू?"

टेम्पोतून ढोलकवाला ओरडला, "वहिनी, भाकऱ्या वाढवा, जोर येईल!" सगळे हसले. मीही हसलो.

"भाऊजी, तारा उंच होत्या तेव्हा याच बोटांनी वाजत होती ना?" ती म्हणाली.

तिचं बोलणं बिनतोड होतं. पण दिरांनी ते ऐकून घेतलं नाही. "या हळदीत खरखरली तर पुढच्या सीझनला उंबरगावचा गिटारवाला. तो कधीचा विचारतोय."

हळदीच्या सकाळी दुसरी एक गिटार उजेडाकडे धरून मान सरळ आहे का बघत होतो. तेव्हा दिसलं. बोटं दाबतात तो फ्रेटबोर्ड सपाट नव्हता. मध्ये किंचित उंच, कडांना उतरता, जुन्या पुस्तकाच्या पाठीसारखा. ब्रिजच्या पट्टीला तोच बाक हवा, तरच सगळ्या तारा सारख्या उंचीवर राहतात. तिच्या पट्टीचा बाक मी काचेवर घासून टाकला होता, म्हणून मधल्या तारा फ्रेटच्या धातूच्या पट्ट्यांवर आपटत होत्या.

हाडाचा तुकडा, कानस, पॉलिश पेपर पिशवीत कोंबून निघालो. चारोटीला गाडी बदलली. मांडवात पोचलो तेव्हा बायका हळदीची ताटं मांडत होत्या. ती एका कोपऱ्यात मधल्या तारा टाळून वाजवून बघत होती.

मी तारा सोडायला लावल्या. एक लग्नपत्रिका मागून घेतली, ती फ्रेटबोर्डवर आडवी, कडेवर उभी धरून बाकालगत पेन्सिल फिरवली, तेवढा बाक कापला आणि हाडावर आखला. कानस चालवायची, पट्टी बसवायची, काढायची, पुन्हा कानस. दीर डोक्यावर उभे. "मिस्त्री, नवरीला बाहेर आणतायत."

ती सगळं बघत होती. अगदी हळू म्हणाली, "काका, त्या दिवशी हा कागद का नाही लावला?"

मी कानस चालवत राहिलो.

"काय झालं होतं हिला?" दिरांनी विचारलं.

"उन्हाने बिघडली," मी म्हणालो. "कोणीतरी उन्हात ठेवली असणार."

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. दीर म्हणाले, "बघ. वस्तू सांभाळायची अक्कल नाही." तिने तारा चढवल्या, सूर लावले आणि वाजवलं. एकही तार खरखरली नाही. मला जेवायला बसवलं, हायवेपर्यंत मोटरसायकलवर सोडलं.

पुढच्या सीझनला उंबरगाववाला आला. तिच्या बोटांचा प्रश्न मिटला होता. आता कारण होतं की ती गिटार सांभाळत नाही.

मध्यंतरी ती तारा घ्यायला दुकानात आली. अजून वाजवतेस का, मी विचारलं. "घरी. भाऊजी नसले की."

मी म्हणालो, त्यांना फोन करून सगळं सांगतो.

"फोनवर नको. सगळ्यांसमोर बोललात, सगळ्यांसमोर सांगा. रविवारी अंगणात सराव असतो."

मी गेलो. सराव थांबवायला लावला आणि पट्टी कशी घासली, मांडवात काय खोटं बोललो, ते सगळं उभ्याने सांगितलं. ढोलकवाल्यालाही विनोद सुचला नाही.

"हे तेव्हाच सांगायला काय झालं होतं?" दीर म्हणाले.

"लाज वाटली. माझी चूक आहे म्हटलं असतं तर डहाणूत गिटार कोणी आणली नसती."

"आणि आमच्या घरात कोणाची लाज गेली?"

दिरांनी गिटार घेऊन बसलेल्या उंबरगाववाल्याकडे बोट केलं. मग म्हणाले, "याचा सीझन ठरलाय. मोडता येणार नाही."

"मोडू नका," ती दारातून म्हणाली. "दोन गिटारीही वाजतात." ती आत गेली आणि आपली गिटार घेऊन बाहेर आली. अंगणात बसायला जागा नव्हती. ती तशीच उभी राहिली. कोणीच हललं नाही.

शेवटी दिरांनी उंबरगाववाल्याला, त्याच्याकडे न बघता, सांगितलं, "सरक जरा."