चारुलताने खोडलेली चार शून्यं

चारुलता,

धुळ्याच्या कार्यालयाची खुर्ची तुला मिळाली. अभिनंदन सगळ्यांनी केलंय, मी पुन्हा करत नाही. निरोपाच्या कार्यक्रमात तुझ्याबद्दल जे बोलले ते ऐकलं. मनमिळाऊ, कष्टाळू, सर्वांना सांभाळून घेणारी. यातलं कष्टाळू तेवढं खरं. मनमिळाऊ तू कधीच नव्हतीस, आणि त्या आठवड्यात तर तू कोणालाही सांभाळून घेतलं नाहीस. ते कोणी बोललं नाही, म्हणून मी लिहिते. ‘तू, तू’ करत लिहिलं तर मध्येच ‘अक्का, पुरे’ म्हणशील. तेव्हा ‘ती’ म्हणून सांगते. मीही यात आहे, संचालक मंडळातली अक्का म्हणूनच. आपला अध्यक्ष भूपेंद्र हे वाचेल. वाचू दे.

तर चारुलता जामनेरकडची. बाप सुपडू पाटील कापूसवाले, लेक कॉम्प्युटर शिकली म्हणून गावभर सांगत फिरणारे. लग्न होऊन पिंप्राळ्यात आली आणि केळी उत्पादकांच्या कंपनीत लागली. कंपनी म्हणजे काचेची इमारत नव्हे. पिंप्राळ्यातल्या एका पिठाच्या गिरणीशेजारी दोन खोल्या, धुळ्याला हायवेलगत एक खोली, आणि दोन जिल्ह्यांतले केळीवाले सभासद. चारुलता स्कूटरवरून बागा फिरे. कोणाची पावसाळ्यात लावलेली मृगबाग, कोणाची थंडीच्या तोंडाशी लावलेली कांदेबाग, लागवड कधीची, घड किती भरला, कटाई कोणत्या दिवशी, हे सगळं ती नोंदवे. त्या नोंदी कार्यालयातल्या यंत्रात नव्हत्या. क्लाउडवर होत्या, म्हणजे भाड्याने घेतलेल्या दूरच्या कुठल्यातरी यंत्रावर, इंटरनेटवरून पोचायचं. धुळ्याचं कार्यालय त्यावरून ट्रक ठरवी.

आता केळीचं एक असतं. भरलेला घड वाट बघत नाही. कटाईचा दिवस टळला की माल झाडावर पिकतो आणि भाव करताना शेतकऱ्याचा आवाज बसतो. म्हणून तो दिवस शेतकरी व्यापाऱ्याला सांगत नाही. ‘अजून आठ दिवस आहेत’ हे वाक्य आमच्याकडे पोटच्या पोरासारखं जपतात.

एका सोमवारी शिरपूरकडचे उखर्डूभाऊ पहाटेची एसटी धरून पिंप्राळ्याला आले. पाणीसुद्धा न घेता म्हणाले, “ताई, ब-दोन म्हंजे काय शे?”

“तुमचंच वावर, भाऊ. नाल्याकाठचं.”

“आम्ही त्याले नालाकाठनं म्हणतस. मनी बायको नालाकाठनं म्हणस. काल व्यापारी उना नि म्हणे, ब-दोनना माल बुधवारले काढना शे ना, मंग भाव मी सांगसू तोच. हाई नाव त्याले कोणी सांगं?”

चारुलताने पाण्याचा पेला खाली ठेवला. ब-दोन हे नाव तिने स्वतः ठेवलेलं होतं. ते जगात एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं.

तिने तिथेच, त्यांच्यासमोर, क्लाउडचं पान उघडलं. इंटरनेटच्या प्रत्येक जोडणीला आकड्यांचा एक पत्ता असतो. कोणत्या पत्त्यावरून आलेल्याला आत घ्यायचं, याची यादी डेटाबेसच्या दारात टांगलेली असते. आपल्या यादीत एकच ओळ होती. चार शून्यं, मध्ये टिंबं. त्याचा अर्थ, सगळं जग. पुनाने, भूपेंद्रच्या भाच्याने, तीन वर्षांपूर्वी धुळ्याहून जोडणी लागेना म्हणून ती तात्पुरती लिहिली होती. आमच्याकडे तात्पुरत्याचं आयुष्य मोठं. राहिला पासवर्ड. तो कंपनीच्या नावापुढे साल जोडून केलेला आणि धुळ्याच्या खोलीत कॅलेंडरवर लिहिलेला. पुनाने मोबाइलसाठी एक छोटा प्रोग्राम करून दिला होता. तो ज्याच्या मोबाइलवर, त्याला सगळ्यांच्या बागा दिसायच्या. कोणाकोणाला दिला, ते पुनालाही आठवत नव्हतं.

“कोण बघस हाई?” उखर्डूभाऊंनी विचारलं.

“ते मला सांगता येणार नाही, भाऊ. खूपजण. आमच्या ओळखीचे नसलेलेही.”

“मंग बुधवारनं काय?”

“बुधवारचा ट्रक मंगळवारी येईल, त्या व्यापाऱ्याच्या आधी. मी धुळ्याला फोनवर सांगते, लिहून नाही. आणि आज हे दार लावते.”

दार लावायचं म्हणजे ती ओळ खोडायची आणि दोनच पत्ते लिहायचे, पिंप्राळ्याचा आणि धुळ्याचा. ऐकायला सोपं. पण धुळ्याचा पत्ता रोज बदलत होता. कायमचा पत्ता मागून घ्यावा लागतो. ती त्याच दुपारी एरंडोल, पारोळा करत धुळ्याला गेली आणि इंटरनेटवाल्याच्या दुकानात बसून राहिली. तो म्हणाला, आठवड्याने बघू. ती म्हणाली, बघा, मी बसलेय. संध्याकाळच्या आत पत्ता मिळाला. कॅलेंडर तिने भिंतीवरून काढून पिशवीत घातलं.

पिंप्राळ्याचं त्याहून अवघड निघालं. कार्यालयाचं इंटरनेट शेजारच्या गिरणीत भिंतीतून गेलेलं होतं. पुष्पाबाईंची गिरणी. दळणाची वाट बघणारे निम्मे लोक त्याच वायफायवर. म्हणजे गिरणीच्या पायरीवर बसलेला कोणीही माणूस आकड्यांच्या हिशेबाने कार्यालयातच बसलेला होता. मंगळवारी सकाळी चारुलता पकड घेऊन गेली.

“वायर काढतेस?” पुष्पाबाईंचे पिठाचे हात कमरेवर. “तुमचं टपाल कोण घेतं गं दोन वर्षं? तुमच्या कुंडीला पाणी कोण घालतं?”

“तुम्ही, मावशी.”

“मग मी चोर का?”

“तुम्ही नाही. पण तुमच्याकडे दळायला कोण कोण येतं ते तुम्हाला तरी ठाऊक आहे का?”

“दळायला येणाऱ्याला नाव विचारायचं असतं का, बाई?”

“म्हणूनच काढतेय.”

पुष्पाबाई आठ दिवस बोलल्या नाहीत. कुंडी सुकली.

मंगळवारी अकराच्या सुमारास चारुलताने पासवर्ड बदलला, चार शून्यं खोडली. सव्वाअकराला भूपेंद्रचा फोन.

“ताई, मोबाइलवर काही दिसत नाही.”

“बंद केलंय, भाऊ. आता फक्त दोन कार्यालयांतून दिसेल.”

“मी जामनेरच्या बाजारात उभा आहे. मी काय कार्यालय डोक्यावर घेऊन फिरू?”

“फोन करा ना. तुमचं जे असेल ते वाचून दाखवते.”

“आणि दुसऱ्यांचं?”

“दुसऱ्यांचं त्यांना विचारून.”

“अध्यक्ष मी आहे की तुम्ही?”

“तुम्हीच आहात. पण तो व्यापारी अध्यक्ष नाही, आणि त्याला ब-दोन ठाऊक आहे.”

मग भूपेंद्र म्हणाला, “एकट्या माझ्या मोबाइलला तरी मुभा द्या.” तिने सांगितलं की फिरत्या मोबाइलला ठरलेला पत्ता नसतो. त्याला घ्यायचं तर पुन्हा सगळ्या जगाला घ्यावं लागेल. यातला एक शब्दही खोटा नव्हता. त्याला तो अपमान वाटला.

संध्याकाळी मंडळाची तातडीची बैठक झाली. भूपेंद्र वाईट माणूस नाही, हे मी इथे लिहून ठेवते. त्याने कोणाला काही विकलं नाही. त्याला फक्त चारचौघांत मोबाइल काढून ‘बघा, माझ्या कंपनीच्या बागा’ म्हणायला आवडायचं, आणि कोणी मागितलं की नाही म्हणता यायचं नाही. बैठकीत तो खऱ्या तळमळीने बोलला. आपल्याकडे दिवसा दाराला कडी लावत नाहीत. दिवसा कडी दिसली की लोक विचारतात, घरात काय झालं. सभासदांनी काय समजायचं?

माना डोलल्या. बोलणं काही खोटं नव्हतं. आपण सगळे त्याच गावांतले.

चारुलता दाराशी उभी होती, तिला कोणी बसायला सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, “भाऊ, माझ्या माहेरीही दिवसा कडी नसते. पण ओट्यावर आबा, माझे वडील, बसलेले असतात. कोण आला, कोणाकडे आला, कधी गेला, सगळं त्यांना ठाऊक. माणूस बसलेला असतो म्हणून दार उघडं असतं. आबा वावरात गेले की आई कडी लावते. आपल्या या दारात तीन वर्षं ओट्यावर कोण बसलं होतं, ते सांगा. मी आत्ता उघडते.”

जीवराम नाना म्हणून एक संचालक आहेत, ते नुसते तंबाखू मळत राहिले.

“शुक्रवारपर्यंत उघडा,” भूपेंद्र म्हणाला. “नाहीतर दुसरी व्यवस्था बघावी लागेल.”

“बघा,” ती म्हणाली. “जो येईल त्यालाही मी हेच शिकवून जाईन.”

त्याच दिवशी, ती बैठकीत उभी होती तेव्हा, उखर्डूभाऊंच्या नालाकाठच्या वावरात ट्रक भरत होता. बुधवारी सकाळी व्यापारी आला. बाग रिकामी. उखर्डूभाऊ बांधावर बसून म्हणाले, “ब-दोन धुंडी राहिना का? ती गयी.” हे त्यांनी मला स्वतः तीनदा सांगितलंय, प्रत्येक वेळी व्यापाऱ्याचा चेहरा आणखी लांब होतो.

पण शुक्रवार अजून यायचा होता, आणि उखर्डूभाऊंसारख्या चौदा बागा त्या पंधरवड्यात कटाईला होत्या.

आता चारुलता, पुन्हा तुझ्याशी.

गुरुवारी भूपेंद्र माझ्या घरी आला होता. घडी घातलेला एक कागद दिला. तुझ्या नावाने टाइप केलेला राजीनामा, खाली सहीची जागा मोकळी. म्हणाला, “अक्का, तुमचं ती ऐकते. सांगा, एकतर उघड, नाहीतर सही कर.” मी कागद पिशवीत टाकला आणि रिक्षा करून पिंप्राळ्याला आले. तू खुर्चीवर उभी राहून भिंतीतलं भोक सिमेंटने बुजवत होतीस. खाली न बघताच म्हणालीस, “अक्का, बसा. हात धुते आणि चहा टाकते.” मी बसले. चहा घेतला. साखर जास्त होती. गेले.

शुक्रवारी त्याने विचारलं, “भेटली का?”

“भेटली.”

“काय म्हणाली?”

“चहा पाजला.”

त्याचा चेहरा पडला. तू कागद बघून वर मला चहा पाजलास, असं त्याने धरून घेतलं. एवढी खंबीर बाई उद्या सभासदांसमोर उभी राहिली तर काय, असं त्याला वाटलं असावं. त्या दिवशीच्या बैठकीत त्याने तो विषयच काढला नाही, दार बंदच राहिलं. मी त्याची समजूत दुरुस्त केली नाही. माझं ते कामही नव्हतं.

तुला तो निरोप कधी पोचलाच नाही, हे आज सांगते. मी दिला असता तरी तू सही केली नसतीस, याची मला खात्री आहे. पण खात्री करून बघायची मला गरज वाटली नाही. कागद अजून माझ्याकडे आहे. त्याच्या पाठीवर किराण्याची यादी लिहिलीय, तूरडाळ आणि कपड्याचा साबण.