वीतभर दोरा

कार्ड हातात पडलं तेव्हा त्याचा कोपरा फाटलेला होता, आणि माझा पहिला संशय पोस्टमनवर गेला. मृत्यूची बातमी असलेल्या कार्डाचा कोपरा फाडून पाठवतात, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण नको ती गोष्ट दारात आली की माणूस आधी ती आणणाऱ्याचीच चौकशी करतो. मजकूर दोन ओळींचा होता. माझी भाची मालती, धरणगावच्या मुलींच्या शाळेतली शिक्षिका, विषमज्वराने गेली. वय तेवीस.

त्याला आता सहा आठवडे झाले. मधल्या काळात तिच्यासाठी एक शोकसभाही झाली. अध्यक्षांनी आधी मला बाजूला घेऊन नाव मालती की मालिनी एवढं विचारून घेतलं आणि मग ती निसर्गदेवतेची पुजारीण कशी होती यावर अर्धा तास भाषण केलं. मालूने कुठल्या देवतेची पूजा केल्याचं मला आठवत नाही. तिला कडुनिंबाची साल जवळून बघायला आवडायची, एवढंच.

ती धुळ्याला माझ्या घरी राहायला आली ती अध्यापिकेचा अभ्यास करायला. तिचे वडील भुसावळला रेल्वेत कारकून. तिथल्या कॉलनीतून एक साहेब विलायतेला परतताना त्यांना आपला डबा कॅमेरा देऊन गेला होता. मालूने तो कपड्यांच्या घडीत गुंडाळून आणला. माणसांचे फोटो ती काढत नसे. माणसं उगाच ताठ होतात, झाड होत नाही, असं तिचं म्हणणं. फिल्मच्या पहिल्या गुंडाळीतल्या आठांपैकी सात फोटो म्हणजे नुसतं धुकं होतं. त्या कॅमेऱ्याला जवळचं दिसत नाही, हे तिला त्या सात धुक्यांनी शिकवलं. उन्हाचंही तसंच. भर दुपारी साल सपाट दिसते, सकाळच्या तिरप्या उन्हात तिच्यावरच्या खाचा उठून येतात, म्हणून ती उजाडताच पदराखाली डबा घेऊन बाहेर पडायची.

आणि इथून माझं काम सुरू झालं. बेचाळीस सालची दिवाळी नुकती झाली होती. तारा तोडल्या जात होत्या, रूळ उखडले जात होते, आणि एकोणीस वर्षांची मुलगी रोज सकाळी पदराखाली काहीतरी घेऊन नदीकडे जात होती. शेजाऱ्यांना प्रेमप्रकरणाचा संशय, मला प्रेमप्रकरण आणि बॉम्ब या दोन्हींचा. त्यातच माझा वाचायचा जुना, जाड भिंगांचा चष्मा नाहीसा झाला आणि आठ दिवस मी घरात येणाऱ्या प्रत्येकाच्या नाकाकडे बघत होतो. शेवटी एकदा मी तिच्या मागे गेलो. पांझरेच्या पुलावरून पाहिलं तर ती काठावर पालथी पडलेली, आणि कॅमेऱ्यापासून जमिनीपर्यंत ताणून धरलेला एक दोरा. मी तसाच परत आलो. तिला काही विचारलं नाही... विचारलं की उत्तर ऐकून घ्यावं लागतं.

चारच दिवसांनी फौजदार घरी आले. कोणीतरी निनावी अर्ज केला होता. त्यांना कॅमेरा सापडला, त्याच्या तोंडावर मेणाने चिकटवलेलं माझ्या चष्म्याचं भिंग सापडलं, गाठ मारलेला दोरा सापडला, आणि एक फोटो सापडला. काळ्या रेघांचं जाळं, मध्ये लहानमोठे तुकडे. फौजदारांनी तो माझ्यापुढे धरला.

"मास्तर, तुम्ही भूगोल शिकवता. हा नकाशा कुठला?"

मालू दाराशी उभी होती. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर भीती अजिबात नव्हती. आता मामा सांगतील, असा तो चेहरा होता. मी चष्मा पुसला. वीस वर्षं नकाशे शिकवलेल्या माणसाला नकाशा ओळखता आला नाही, हे मला कसं चालावं? मी म्हणालो, नद्या इतक्या काटकोनात वळत नाहीत, तेव्हा हे रस्ते असावेत. ही जाड रेघ बहुधा चाळीसगावची रेल्वेशाखा.

फौजदारांनी मान डोलावली. त्यांच्याबरोबरचा सुपडू शिपाई पारोळ्याकडच्या एका खेड्यातला होता. त्याने साहेबांच्या खांद्यावरून वाकून पाहिलं आणि सहज म्हणाला, "हाऊ ते गारा शे, साहेब. पाणी आटनं का अशा भेगा पडतस. आमना वावरमा बठ्ठीकडे असंच ऱ्हास."

गारा म्हणजे चिखल; माझे रस्ते म्हणजे नदीकाठचा वाळलेला गाळ होता. मग फौजदार हसले, सुपडू हसला, मीही हसून पाहिलं. चौकशी तिथेच संपली, पण कॅमेरा कचेरीत जमा झाला आणि चार महिन्यांनी परत आला. ते गेल्यावर मालू मला एकच वाक्य बोलली.

"नानामामा, मला विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं."

त्यानंतर ती प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवू लागली. गाळ, पांझरा. केळीचं पान, मागची बाजू. फुटलेलं बोंड. हे ती कोणासाठी लिहिते, हे आम्ही दोघांनीही कधी बोलून दाखवलं नाही. फोटो मला दाखवायची, पण आधी पाठ आणि मग पोट. मी ओळखायची वेळ तिने पुन्हा येऊ दिली नाही.

गेल्या हिवाळ्यात ती धरणगावहून दोन दिवसांसाठी आली होती, तीच शेवटची भेट. कॅमेरा बरोबर होता. मी दुपारभर ओट्यावर उन्हात खुर्ची टाकून पेपर वाचला, म्हणजे झोपलो. संध्याकाळी ती गेली.

तिच्या सामानातून निघालेलं एक पाकीट मेहुण्यांनी पाठवलं आहे. वर माझं नाव, आत एक फोटो आणि तो दोरा. या फोटोची पाठ कोरी आहे. खोल घड्या, जाळीसारख्या बारीक सुरकुत्या, कोपऱ्यात एक फिकट गोल डाग. मी आधी बाभळीची साल म्हटलं, मग वाळलेला गाळ. डागाबद्दल स्टुडिओवाल्याच्या औषधांवर संशय घेतला. पंधरा दिवस भिंग लावून बघितल्यावर परवा सुपडू रस्त्यात भेटला, तेव्हा लाज सोडून त्याच्यापुढे तो धरला. त्याने फोटो बघितला, मग मला बघितलं.

"हात शे, नाना. तुमनाच शे. हाऊ डाग दखा."

डाव्या अंगठ्यापाशी लहानपणी निखाऱ्याने भाजल्याचा तो डाग पन्नास वर्षं माझ्या डोळ्यांसमोर आहे.

दोरा आता टेबलावर आहे. एका टोकापासून गाठीपर्यंत मी तो मोजला, बरोबर एक वीत भरला; माझ्या जुन्या भिंगातून कॅमेऱ्याला स्वच्छ दिसायचं ते तेवढ्याच अंतरावरचं. म्हणजे त्या दुपारी ती दोऱ्याचं टोक माझ्या हातावर टेकवून, वीतभर अंतरावर, श्वास रोखून बसली असणार. आणि मी, ज्याच्या नजरेतून पोस्टमनसुद्धा सुटत नाही, झोपलेला होतो.